किल्ल्यातली माती चाखणारा कारागीर

जिभेवर चिमूटभर माती ठेवून ती कामाची आहे की बिनकामाची, हे सांगणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? बीदरला असे कारागीर आहेत. आणि ती मातीही साधीसुधी नाही. बीदरच्या जुन्या किल्ल्यात जिथे वर्षानुवर्षं ऊन पोचलं नाही आणि पावसाचा थेंब पडला नाही, अशा कोपऱ्यातली ती माती हवी. दुसरी चालत नाही, असं ते ठामपणे सांगतात.

का बरं? थांबा, सांगते. पण आधी बीदरला जाऊ.

बीदर आहे कर्नाटकात, पण आपल्या उदगीरपासून फार लांब नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे जातात. जांभ्या दगडाचा अवाढव्य किल्ला, भोवती खोल खंदक. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून इथे आणली. सहलीला आलेली मुलं तोफा बघतात, तटावर चढतात, डबे खातात आणि बसमध्ये बसून परत जातात. पुढच्या वेळी गेलात तर एक काम करा. गावात चौबारा नावाचा जुना गोल मनोरा आहे. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून चालत जा आणि कान उघडे ठेवा. टक-टक, टक-टक असा बारीक आवाज येईल. त्या आवाजाच्या मागे मागे जा.

आत एक माणूस मांडी घालून बसलेला असतो. समोर छोटा हातोडा, बारीक बारीक छिन्न्या, कानशी. हातात एक सुरई किंवा डबी. हीच ती प्रसिद्ध बिदरी कला. काळ्याभोर धातूवर चांदीची वेलबुट्टी! काळा रंग इतका गडद आणि चांदी इतकी लख्ख की दुकानाच्या काचेपलीकडूनही नजर हटत नाही.

पण मला विचाराल तर दुकानातल्या कपाटापेक्षा कारागिराची बैठक शंभर पटीने बघण्यासारखी असते. कपाटात फक्त उत्तर मांडून ठेवलेलं असतं. प्रश्न सगळे बैठकीवर सापडतात.

बघा हं, काय काय होतं ते. ही भांडी जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाची असतात. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं, असं प्रमाण साधारणपणे सांगतात. म्हणजे जवळजवळ सगळं जस्तच. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, तांब्याला मात्र १०८५ अंश लागतात. वाळूमातीत एरंडेल आणि राळ मिसळून साचा करतात आणि त्यात हा रस ओततात. निघालेलं भांडं दिसायला अगदी साधं असतं. राखाडी आणि खरबरीत. मग ते कानशीने घासून गुळगुळीत करतात.

आता नक्षी काढायची. पण राखाडी धातूवर बारीक रेघ दिसणार कशी? म्हणून कारागीर भांड्यावर मोरचुदाचं पाणी फासतो. मोरचूद म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत निळे निळे खडे असतात ना, ते. कॉपर सल्फेट. फासल्याबरोबर भांडं काळं पडतं! तुमच्यापैकी जे दहावीच्या जवळ आले असतील त्यांना इथे काहीतरी आठवेल. जस्त हे तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते मोरचुदातल्या तांब्याला बाहेर ढकलतं आणि त्याची जागा घेतं. बाहेर पडलेलं तांबं अतिबारीक कणांच्या रूपात भांड्यावर बसतं आणि काळपट दिसतं. पुस्तकात याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात आणि परीक्षेत त्याचं समीकरण विचारतात. इथे ती अभिक्रिया रोज सकाळी एका माणसाच्या पाटीची सोय करते. या काळ्या पाटीवर तो छिन्नीच्या टोकाने थेट चित्र काढायला लागतो. पेन्सिल नाही, कागद नाही, खोडरबर तर नाहीच. सुरईच्या गोल पोटावर वेल फिरत फिरत जाते आणि जिथून निघाली तिथे बरोबर येऊन मिळते.

मग त्या रेघा खोल कोरायच्या. खाच वर अरुंद आणि आत किंचित रुंद ठेवायची. त्यात चांदीची तार किंवा पत्र्याचा तुकडा बसवून वरून हातोडीने ठोकायचं. चांदी मऊ असते. ठोकली की पसरते आणि खाचेच्या आत जाऊन अडकते. डिंक लागत नाही, खिळा लागत नाही. गल्लीत ऐकू येणारी टक-टक असते ती ही.

आणि यानंतर जे होतं ना, ते पहिल्यांदा बघताना मला खरंच वाईट वाटलं होतं. कारागीर ते भांडं पुन्हा घासून काढतो. मोरचुदाचा काळा रंग निघून जातो. खाली उरतो राखाडी धातू आणि त्यात बसलेली पांढरी चांदी. दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात! दिवसेंदिवस खपून कोरलेली वेल डोळ्यांसमोर गायब होते. तिरकं धरलं तर जेमतेम दिसते.

आता ती माती येते.

किल्ल्यातली माती, नवसागर आणि पाणी. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. भांडं थोडं गरम करून त्यावर हे मिश्रण चोळतात. बघता बघता राखाडी धातू काळा, काळाभोर होतो. आणि चांदी? तिला काहीसुद्धा होत नाही. तीच वेल आता काळ्या भांड्यावर झळाळून उठते. हा काळा रंग मोरचुदासारखा तात्पुरता नसतो. पुढे वर्षानुवर्षं टिकतो. शेवटी तेलाचा हात फिरवला की काम झालं.

हे कसं होतं? भांड्याच्या अगदी वरच्या थरातलं जस्त नवसागरामुळे थोडंसं विरघळून निघून जातं. मागे राहतं ते मिश्रणातलं तांबं आणि त्याचाच काळा थर तयार होतो. म्हणजे ज्या तांब्याचा वाटा सोळास एक होता, ते चिमूटभर तांबंच सगळ्या सौंदर्याचं मालक! नुसतं जस्त घेतलं असतं तर असा रंग आला नसता. चांदी या भानगडीत पडतच नाही, म्हणून ती तशीच राहते. (तुमच्यातला एखादा हुशार लगेच म्हणेल, आमच्या आजीचे चांदीचे पैंजण तर काळे पडतात. पडतात, पण त्याचं कारण वेगळं. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो.)

आणि ऊन-पाऊस न लागलेली माती का? जुन्या घरांच्या भिंतींना पांढरा लोणा लागलेला तुम्ही पाहिला असेल. जुन्या, माणसांनी आणि जनावरांनी वापरलेल्या जागांच्या मातीत असे क्षार साठतात. त्यातला एक म्हणजे सोरा. तोफेची दारू करायला लागणारा सोरा पूर्वी आपल्या देशात अशाच जुन्या जागांची माती खरवडून काढत. हे क्षार पाण्यात चटकन विरघळतात. म्हणजे पावसात भिजलेल्या मातीतले क्षार धुऊन जाणार आणि कोरड्या अंधाऱ्या कोपऱ्यातले तसेच राहणार. आता चाखण्याचं कोडं सुटतंय का? क्षार आहे की नाही हे ओळखायला जीभ हे फार जुनं आणि फार चांगलं यंत्र आहे. कारागिराच्या पणजोबाला रसायनशास्त्राची सूत्रं ठाऊक नसतील, पण क्षाराची चव ठाऊक होती. तुम्ही मात्र कुठलीही माती तोंडात घालू नका हं. त्यांची जीभ पिढ्यांच्या अनुभवाने तयार झालेली आहे.

बीदरचे शाह रशीद अहमद कादरी हे असेच एक थोर कारागीर. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मी मुलांना नेहमी एक गोष्ट सांगते. कुठल्याही गावाला गेलात, की तिथल्या कलाकाराकडून एक प्रश्न घेऊन या. बिदरी डबी विकत घेतलीत तर उत्तमच, पण तिच्याबरोबर ‘चांदी का काळी पडली नाही?’ हा प्रश्नही घरी यायला हवा. डबी कपाटात राहील. प्रश्न तुम्हाला गप्प बसू देणार नाही. आणि एक दिवस तुम्हीच काहीतरी करून बघायला लागाल.

खरं वाटत नाही? मग ही गोष्ट ऐका.

जत्रेत मिळणारी ती फिरकी आठवते? सोडावॉटरच्या बाटलीचं बूच ठोकून सपाट करायचं, त्याला दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा. दोन्ही हातांनी दोरा ताणायचा, सैल सोडायचा, पुन्हा ताणायचा. बूच गरगर फिरतं आणि घूं घूं आवाज करतं. शर्टाच्या मोठ्या बटणाचीही होते. जत्रेतला खेळणीवाला ती विकत असतो आणि आपण त्याला कलाकार म्हणायलाही विसरतो.

मनू प्रकाश नावाचे भारतात जन्मलेले एक शास्त्रज्ञ अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करतात. ते आफ्रिकेत युगांडाला गेले होते. तिथल्या एका दवाखान्यात त्यांना रक्त तपासायचं सेंट्रिफ्यूज यंत्र दिसलं. कुठे? दाराला अडण म्हणून लावलेलं! कारण वीजच नव्हती, मग यंत्र चालवणार कशावर? रक्त जोरात फिरवलं की त्यातल्या जड पेशी एका बाजूला जातात आणि हलकं पाणी दुसऱ्या बाजूला. मलेरियासारखे आजार शोधायला याचा उपयोग होतो. विजेशिवाय इतक्या वेगाने फिरणारं काय असेल बरं? मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी खेळणी तपासायला लागले आणि शेवटी या फिरकीपाशी येऊन थांबले. कागद, दोरा आणि प्लॅस्टिकचे तुकडे घेऊन त्यांनी ‘पेपरफ्यूज’ तयार केलं. २०१७ साली त्याची माहिती जाहीर झाली. मिनिटाला सव्वा लाख फेरे! आणि खर्च अमेरिकेतल्या वीस सेंटांइतका, म्हणजे आपल्याकडे एका वहीपेक्षाही कमी. दीड मिनिटात रक्ताचे भाग वेगळे होतात.

लहान मुलं ही फिरकी हजारो वर्षांपासून फिरवत आली आहेत. तिच्याकडे बघून ‘ही नेमकी किती वेगाने फिरते?’ हा प्रश्न मात्र त्या प्रयोगशाळेत नीट विचारला गेला.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांत वारली लोक राहतात. वारली चित्रं तुम्हाला ठाऊकच आहेत. शाळेच्या भिंतीवर असतात, पिशव्यांवर असतात, चहाच्या कपांवरही असतात. इतक्या वेळा बघितल्यामुळे आपण आता ती बघतच नाही. चला, एकदा नीट बघू.

कुडाची भिंत, शेणामातीने सारवलेली, वर गेरू. तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी. बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ केलं की झाला कुंचला. लग्नाच्या वेळी सवाष्णी घरातल्या भिंतीवर चौक लिहितात आणि मधोमध असते पालघाट देवी. सगळं सामान अंगणातलं आणि शेतातलं. विकतचं काही नाही.

गेरूचा लाल रंग येतो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. लोखंडाला गंज चढतो तेव्हा त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो. गेरूतल्या लोखंडाचा तो संयोग केव्हाच होऊन गेलेला आहे. त्यामुळे ऊन किंवा हवा त्याचं आणखी काही बिघडवू शकत नाही. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहांमधली हजारो वर्षांपूर्वीची लाल चित्रं आजही दिसतात, तीही याच कारणाने. तुमच्या पेटीतला गुलाबी स्केचपेन खिडकीत चार महिने ठेवलेल्या चित्रावर टिकत नाही, आणि हा टिकतो!

पण वारली चित्रातली माझी सगळ्यात आवडती जादू रंगाची नाही. माणसांची आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, वर एक गोल, चार रेघा हातापायांच्या. डोळे नाहीत, नाक नाही, कपड्यांवर नक्षी नाही. तरी हा माणूस भात लावतो आहे, ती बाई पाणी ओढते आहे आणि हे सगळे तारप्याभोवती नाचत आहेत, हे आपल्याला क्षणात कळतं. (तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं वाद्य.) कसं कळतं?

स्वीडनमध्ये गुन्नार योहान्सन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. १९७३ साली त्याचा लेख प्रसिद्ध झाला. एका माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, कमरेवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर प्रकाशाचे ठिपके लावले. खोलीत अंधार केला. आता दिसत होते ते फक्त दहा-बारा ठिपके. माणूस स्थिर असताना बघणाऱ्यांना काहीच उमगेना. पण तो चालायला लागला, आणि क्षणार्धात सगळे म्हणाले, अरे, माणूस चालतोय! चेहरा नाही, शरीर नाही, नुसते सांधे. आपल्या मेंदूला माणूस ओळखायला सांध्यांची हालचाल पुरते.

आता पुन्हा वारली चित्राकडे बघा. काय काय गाळलंय आणि काय ठेवलंय? गाळलंय ते सगळं वरवरचं. ठेवलेत ते खांदे, कंबर, कोपर, गुडघे. दोन त्रिकोणांची टोकं जिथे मिळतात तिथे कंबर. तिथूनच माणूस वाकतो, झुकतो, गिरकी घेतो. वरचा त्रिकोण जरासा तिरका केला की वाकलेली बाई तयार. वारली बायकांना हे प्रयोगशाळेत जाऊन कळलं नाही. भात लावणाऱ्या, पाणी आणणाऱ्या, नाचणाऱ्या माणसांकडे त्यांनी फार प्रेमाने आणि फार नीट पाहिलं होतं. मला तर वाटतं, पाहण्याच्या बाबतीत त्या आणि योहान्सन एकाच वर्गातले विद्यार्थी.

डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रं जगभर पोचली. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले होते आणि धुळीत चित्रं काढूनच मनातलं सांगायचे, असं सांगतात. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या पाड्यांवर पोचले. त्यांनी मशेंना कागद आणि रंग दिले. चौक लिहिणं हे तोपर्यंत बायकांचं, लग्नघरातलं काम होतं. मशे रोज चित्र काढायला लागले आणि त्यांनी मासेमारीची जाळी, मुंग्या, शेतं, गोष्टी असं सगळं काही रंगवलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांच्या चित्रातलं पसरलेलं मासेमारीचं जाळं कुठे बघायला मिळालं तर सोडू नका. हजारो बारीक रेघा, आणि सगळं जाळं पाण्यात हलतंय असं वाटतं.

एक प्रयोग करा. घरातल्या ताईला किंवा दादाला काळे किंवा गडद कपडे घालायला सांगा. खांदे, कोपर, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे यांवर पांढऱ्या कागदाचे गोल तुकडे चिकटवा. संध्याकाळी दिवे मंद करून जरा लांबून बघा. आधी त्याला गप्प उभं करा. मग चालायला सांगा, मग नाचायला, मग आजोबांसारखं चालायला. ओळखा बरं, कोणाची चाल ती! आणि मग हातात पेन्सिल घेऊन फक्त ते सांधे जोडा. बघा, तुमच्या कागदावर कोण उभं राहतं.

सावंतवाडीला गेलात तर तिथल्या राजवाड्यात जा. तिथे गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे पत्ते, पण गोल! दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा पत्ते. एकूण १२०. मत्स्य, कूर्म, वराह, सगळे हातात धरून खेळायचे. एक काळ असा आला होता की हे पत्ते रंगवणारे चितारी जवळजवळ उरलेच नव्हते. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला शिकून घेतली. स्वतः बसून शिकले! आणि मग इतरांना शिकवली. आपल्याच गावातल्या कलाकाराकडे जाऊन ‘मला शिकवा’ म्हणणं मला फार मोठं वाटतं.

या पत्त्यांच्या कामात चिंचोक्याची खळ वापरत आले आहेत. चिंचोका भाजा, भिजवा, साल काढा, वाटा आणि पाण्यात शिजवा, की दाट चिकट खळ तयार होते. हीच खळ घोंगडी विणणारे घोंगडीला लावतात, म्हणून नवीन घोंगडी कडक असते. चिंचोक्यात साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्या पाणी धरून ठेवतात आणि वाळल्यावर एकमेकींना घट्ट पकडतात. जपानमध्ये तर चिंचोक्याची ही पूड खाद्यपदार्थ दाट करायला वापरतात. चिंच खाऊन तुम्ही जो चिंचोका फेकता तो! सुट्टीत मोठ्या माणसाला बरोबर घेऊन थोडी खळ करून बघा आणि जुन्या साडीचे तुकडे तिने एकावर एक चिकटवा. वाळले की पुठ्ठा तयार. त्यावर तुमचे स्वतःचे पत्ते रंगवा. अवतारच हवेत असं नाही. तुमच्या गल्लीतले दहा पक्षी घ्या, दहा झाडं घ्या.

बंगळूरहून मैसूरला जाताना चन्नपट्टण लागतं. तिथे लाकडी खेळण्यांना रंग देतात, पण कुंचला नसतो. लाकूड यंत्रावर गरगर फिरत असतं आणि कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाख मऊ होते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. आणि लाख कुठून येते? पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या इवल्याशा किड्यांपासून! एका लाल भिंगरीच्या मागे झाड, किडा, घर्षण आणि पान, इतके सगळे जण उभे आहेत.

हे झालं प्रवासातलं. पण सगळ्यांनाच कुठे प्रवासाला जाता येतं? आणि जायलाच हवं असंही नाही.

आमच्या शेजारच्या काकू दुपारी गोधडी शिवायला बसतात. जुनी लुगडी, धोतरं, फाटलेले परकर एकावर एक अंथरतात. सुई जाड, दोरा पांढरा. साधा धावदोरा घालत कडेने निघतात आणि चौकोनात चौकोन करत आत आत जातात. पट्टी नाही, खडूची रेघ नाही. डाव्या हाताचा अंगठा आधीच्या टाक्याच्या ओळीवर टेकवतात आणि त्याच्या रुंदीएवढं अंतर सोडून पुढची ओळ घालतात. अंगठा हीच पट्टी! कुठे निळ्या लुगड्याचा काठ, कुठे बाळाच्या झबल्याचा पिवळा तुकडा. कोणता तुकडा कशाशेजारी लावायचा, यावर त्या बराच वेळ विचार करतात. मी तर म्हणते, चित्रकारही असाच विचार करतो.

आणि ही गोधडी उबदार का असते? कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. अडकलेली, न हलणारी हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते. आपल्या अंगाची ऊब बाहेर निसटत नाही. टाक्यांमुळे थर सरकत नाहीत आणि हवेचे छोटे छोटे कप्पे जागच्या जागी राहतात. मग मला सांगा, टाके फार जवळजवळ घातले तर काय होईल? फार लांब घातले तर? एक जाड घोंगडी आणि तेवढ्याच वजनाची चार पातळ कापडं, यांत जास्त ऊब कशात? हे मी सांगणार नाही. दोन सारख्या तांब्यांत गरम पाणी घ्या, थर्मामीटर घ्या, कापडं गुंडाळा आणि दर दहा मिनिटांनी नोंद करा.

तुमच्याही आसपास असं कोणीतरी नक्की आहे. पणत्या करणारा कुंभार, दुकानाच्या पाट्या रंगवणारे पेंटरकाका, रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारी मामी, बुरूड आळीतल्या सुपं विणणाऱ्या आजी, गणपतीचे डोळे रेखणारे मूर्तिकार. त्यांच्याकडे जा, पण घाईत जाऊ नका. आधी विचारा, ‘मी इथे बसून बघितलं तर चालेल का?’ फोटो काढायचा असेल तर परवानगी घ्या. काम करणाऱ्या माणसाचं लक्ष फार मोलाचं असतं, म्हणून पहिला अर्धा तास काही बोलू नका. नुसते हात बघा. कुठे थांबतात, कुठे जोर देतात, कोणतं हत्यार दोन वेळा बदलतात. मग विचारा. ‘हे असंच का?’, ‘दुसरी माती चालली नसती का?’, ‘पावसाळ्यात हे काम कसं होतं?’ उत्तर नाही मिळालं तरी चालेल. कधीकधी कारागीर म्हणतो, ‘आमचे वडील असंच करायचे.’ तेव्हा खूश व्हा, कारण तिथे एखादी न उलगडलेली विज्ञानाची गोष्ट तुमची वाट बघत असू शकते. आणि काही विकत घ्यायचं असेल तर किमतीवरून घासाघीस करू नका. ती वस्तू करायला किती वेळ लागला हे आता तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

घरी आल्यावर त्यांची नक्षी जशीच्या तशी उतरवून काढायचा मोह होईल. शिकण्यासाठी एकदा जरूर काढा आणि खाली त्यांचं नाव लिहा. मग मात्र तुमच्या मनातला प्रश्न घेऊन तुमचं स्वतःचं काहीतरी करा. ते वेडंवाकडं झालं तरी मला चालेल. गुळगुळीत नक्कलेपेक्षा ते कितीतरी जास्त आवडेल.

या सुट्टीत तुमच्या गावातल्या एका कलाकाराला भेटा आणि आम्हाला पत्र लिहा. काय पाहिलंत, कोणता प्रश्न पडला आणि त्यातून तुम्ही काय केलंत ते सगळं कळवा. बरोबर तुमचं चित्र पाठवा, खेळणं केलं असेल तर त्याचा फोटो पाठवा. पत्राच्या शेवटी तुम्ही तुमचं नाव लिहालच. त्याच्या वरच्या ओळीत, त्या कलाकाराला विचारून, त्यांचंही नाव लिहा.